भातामागचं वरण

आमच्या ह्यांनी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा तिकडे अमेरिकेतही अध्यक्षाची निवडणूक चालू होती. माझ्या मते सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. जबलपूरच्या मराठी मंडळाला अमेरिकेकडून काही शिकता येईल असं त्याआधी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, हातात मोबाइल, कानात बोंडं, आणि सकाळपासून तिथल्या चर्चा ऐकणं हा उद्योग. तिथला उमेदवार उपाध्यक्ष म्हणून आपल्या जोडीला कुणाला घेणार, यावर त्या लोकांनी आठवडेच्या आठवडे घालवले. ह्यांनीही घालवले. पोळी गार होईपर्यंत मला समजावून सांगायचे की जोडीदार आवडीचा घ्यायचा नसतो, आपण जिथे कच्चे असतो तिथला पक्का माणूस घ्यायचा असतो. मी म्हटलं, मग लग्नाच्या वेळी तुमची निवड अगदी बरोबर झाली. ते त्यांना ऐकू गेलं नाही, कारण कानात बोंडं होती.

अमेरिकेचं हे वेड आमच्याकडे बरोबर बसलं त्याला एक कारण होतं. आमच्या मंडळातही अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनेच उभे राहतात, आणि मत दोघांना मिळून एकच असतं. जबलपुरात मराठी माणसं दोन वाटांनी आली. काही घराणी मराठ्यांच्या अमदानीत चाकरीला म्हणून आली आणि इथलीच झाली. आमचं घर त्यातलं. दुसरी मंडळी नंतर नागपूर, भंडारा, अमरावतीकडून आली, कुणी कारखान्यात, कुणी रेल्वेत, कुणी दुकान टाकायला. पहिल्यांना वाटतं आपण खरे जबलपूरकर, दुसऱ्यांना वाटतं आपण खरे मराठी. दोघांचीही नातवंडं घरात हिंदी बोलतात, तो भाग वेगळा. या दोन वाटांची भांडणं एकदा इतकी विकोपाला गेली की गणपती दोन बसायची वेळ आली. तेव्हा जुन्या लोकांनी नियमच करून टाकला की जोडीतला एक जुन्यांचा आणि एक नागपूरकडचा असलाच पाहिजे.

त्याच लोकांनी आणखी एक प्रथा पाडून ठेवली आहे. मतदानाच्या दिवशी आधी पंगत बसते, आणि पंगतीत उमेदवार स्वतः वाढतात. अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या हातात भाताची परात, त्याच्या जोडीदाराच्या हातात वरणाची बादली. एक रांग एका जोडीची, समोरची दुसऱ्या जोडीची. भात पडला की मागोमाग त्यावर वरण पडलं पाहिजे. ज्यांना एका पानावर भात आणि वरण वेळेवर पोचवता येत नाही, त्यांना मंडळ काय चालवता येणार, असा त्यामागचा विचार. भाषणांपेक्षा मला ही परीक्षा बरी वाटते. निदान जेवण तरी होतं.

आता भावजींबद्दल सांगायला हवं. भावजी म्हणजे ह्यांचे मित्र. मूळचे भंडाऱ्याकडचे, कारखान्यात नोकरी केली, घर कांचघरला. माझं लग्न होऊन मी राइट टाउनच्या या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला आले, आणि त्यानंतर येतच राहिले. आधी सायकलवर, मग स्कूटरवर. फाटकाची कडी वाजायची, ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचे, वर्तमानपत्राची आतली पानं ओढून घ्यायचे, आणि मी त्यांच्यापुढे कप ठेवायची. चहा घेणार का, असं त्यांना या घरात कधी कुणी विचारलं नाही. ते विचारणं म्हणजे परक्यासारखं झालं असतं. दोघं बोलायचेही फार नाहीत. एक म्हणायचा, पाणी नाही आलं काल. दुसरा म्हणायचा, हूं. एवढ्यावर त्यांचा तासभर सुखात जायचा.

मंडळाच्या प्रत्येक पंगतीत हे दोघं वाढायला असायचे. हे पुढे भात घेऊन आणि भावजी मागे वरण घेऊन. ह्यांचा हात चपळ, वाटीने मूद पाडली की पुढच्या पानावर, मागे वळून बघायची सवय नाही. बघायची गरजच कधी पडली नाही. मूद पडायची आणि तिच्या डोक्यावर भावजींच्या ओगराळ्यातलं वरण यायचं, एक थेंब बाहेर न सांडता. नवीन सुनांना सासवा हे दाखवायच्या. मी कितीतरी पंगतींत ते पाहिलं आहे, आणि खरं सांगायचं तर पाहता पाहता ते मला दिसेनासंही झालं होतं.

तर हे जुन्यांपैकी आणि भावजी नागपूरकडचे. नियम जणू या दोघांसाठीच केलेला. माझ्या मनात जोडीदाराबद्दल शंकाच नव्हती. ह्यांच्या मनात मात्र अमेरिका होती. यादी तयार झाली. ती घेऊन रोज सकाळी हे चर्चा करायचे, आणि ती कुणाशी, तर भावजींशीच. अमक्या डॉक्टरीणबाईंना घेतलं तर बायकांची मतं येतील काय? तमका दुकानदार कसा राहील? भावजी कप हातात धरून प्रत्येकाबद्दल सरळ मत द्यायचे. डॉक्टरीणबाईंना वेळ नाही. दुकानदार माणूस चांगला, पण संध्याकाळी सापडत नाही. एक नाव संपलं की ते थोडं थांबायचे. मला स्वयंपाकघराच्या दारातून तो थांबा दिसायचा. मग हे यादीतलं पुढचं नाव घ्यायचे.

एक दिवस ते गेल्यावर मी ह्यांना विचारलं, भावजींना काहून नाही घेत? हे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी वर्गात चुकीचं गणित सोडवलंय. मी जन्मभर शाळेत गणितच शिकवलं, तेव्हा हा अपमान मला चांगलाच कळला. म्हणाले, तो तर आपलाच आहे, त्याची मतं कुठे जातात? जे आपल्याकडे आहे त्याच्यावर जागा काहून घालवायची? आमच्या जबलपुरात याला म्हणतात घर की मुर्गी दाल बराबर. मी तसं म्हटलंही. त्यावर हे म्हणाले की भावना वेगळी आणि राजकारण वेगळं. ज्या माणसाला आपल्याच घरातल्या गॅसचा नंबर लावता येत नाही, त्याने राजकारणावर बोलावं हे ऐकायलाही एक सहनशक्ती लागते.

शेवटी ह्यांनी कोचिंग क्लासवाल्या सरांना घेतलं. सर मूळचे गोंदियाकडचे, म्हणजे नियमात बसत होते. वय कमी, शर्ट इस्त्रीचा, आणि नव्या कॉलन्यांमधली सगळी तरुण घरं त्यांना ओळखायची, कारण सगळ्यांची मुलं त्यांच्याकडे. मराठी समजायची, बोलताना तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरायचे. मंडळाच्या ग्रुपवर दोघांचा फोटो आला. हे आणि सर, हात उंचावून, मागे नर्मदामाई. फोटो काढायला तिलवाऱ्याच्या घाटावर गेले होते, तेही मला त्या फोटोवरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी भावजी आले. बसले. म्हणाले, चांगला माणूस आहे. अर्धा चहा तसाच ठेवून उठले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आले नाहीत. चार-पाच दिवसांनी ग्रुपवर दुसरा फोटो आला. मावळते अध्यक्ष, म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांना सगळे बँकवाले म्हणतात, तेही जुन्यांपैकीच आणि पुन्हा उभे. त्यांच्या शेजारी भावजी, कोटात. तो कोट त्यांनी मुलीच्या लग्नानंतर घातलेला मी पाहिला नव्हता.

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आधी म्हणाले, फोटो खोटा असेल. मग म्हणाले, आजकाल मोबाइलवर काय काय करतात. माझ्याकडून सवयीने दोन कप भरले जायचे, आणि हे सवयीने एक पिऊन दुसराही पिऊन टाकायचे. मग दिवसभर छातीत जळजळ. वर्तमानपत्राची आतली पानं घडी न मोडता पडून राहायची. मला अध्यक्षपदाचं काही नव्हतं. ते मिळालं काय आणि न मिळालं काय, भाजी मलाच आणायची होती. मला काळजी होती ती त्या दुसऱ्या कपाची. या वयात मित्र नवा मिळत नाही, आणि आमच्या ह्यांना तर मुळात हा एकच मिळालेला.

म्हणून कांचघरच्या बाजारात भावजी भेटले तेव्हा मी आडपडदा न ठेवता विचारलं. ते मेथीच्या जुड्या बघत होते. मी म्हटलं, भावजी, हे काहून केलं? त्यांनी जुडी खाली ठेवली.

"बँकवाल्यानं विचारलं न वहिनी," ते म्हणाले. "घरी आला, बसला, पाणी प्याला, आणि विचारलं, माझ्यासोबत उभे राहाल काय. मी नाही काहून म्हणू?"

मी मेथी घेऊन घरी आले आणि ह्यांना हे शब्द जसेच्या तसे सांगितले. ह्यांनी कानातली बोंडं काढली. त्यानंतर अमेरिकेच्या चर्चा कमी झाल्या.

मतदानाचा रविवार आला. मंडळाच्या हॉलमध्ये दोन रांगा बसल्या, समोरासमोर, मधे वाढप्यांना जायला वाट. मी आमच्या रांगेत मधोमध. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी वाढून झाली. हे परात घेऊन निघाले, मागे सर बादली घेऊन. पलीकडे बँकवाले आणि त्यांच्या मागे भावजी. बँकवाल्यांची वाढण्याची तऱ्हा म्हणजे नोटा मोजून दिल्यासारखी. मूद पाडायची, थांबायचं, नीट पडली का बघायचं, मग पुढचं पान. त्यांच्या मागे भावजी ओगराळं बादलीत बुडवून नुसते उभे.

आमच्या रांगेत उलटंच. हे नेहमीच्या चालीने निघाले, मागे न बघता. सर पहिल्या पानाशी वरण वाढून थांबले, कारण तिथे एका विद्यार्थ्याचे आजोबा होते. त्यांना नमस्कार झाला. दुसऱ्या पानाशी प्रवेशाची चौकशी. तिसऱ्या पानावरच्या बाई म्हणाल्या, सर, बिटिया का क्या होगा, आणि सर बादली खाली ठेवून बिटियाचं काय होईल ते सांगायला लागले. हे तोवर रांगेच्या पार निम्म्यापुढे पोचलेले. माझ्या पानावर मूद पडून बराच वेळ झाला होता. आजूबाजूला सगळ्यांच्या पानांवर कोरडे भात, आणि कुणी घास घेईना. बिनवरणाचा भात सुरू करायचा कसा?

तेवढ्यात माझ्या मुदीवर वरण पडलं. मी लिंबू पिळलं, तूप आलं, कालवलं, पहिला घास घेतला. शेजारच्या काकूंनीही घेतला. पुढे सगळ्यांनी घेतला. ह्यांच्या मुदा पडत होत्या आणि त्यांवर वरण पडत होतं, थेंब न सांडता. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही. इतकी वर्षं जे पाहिलं तेच चाललं होतं.

मग समोरच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "अरे, इकडे वरण काहून येऊन नाही राहिलं?"

सगळ्यांनी माना वर केल्या. समोरच्या रांगेत बँकवाले परात घेऊन उभे, त्यांच्या मागे कोरड्या मुदांची ओळच्या ओळ. आणि आमच्या रांगेच्या टोकाशी आमचे हे, त्यांच्या पाठीमागे भावजी, ओगराळं अर्धं वर उचललेलं. कोरडे भात बघून त्यांचे पाय मधली वाट ओलांडून कधी इकडे आले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. ह्यांनी तेव्हा मागे वळून पाहिलं. पंगतीत त्यांना मागे वळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हॉल असा हसला की विचारू नका. मी हसले, काकू हसल्या, पलीकडचे उपाशीही हसले. एवढ्यावर राहिलं असतं तर किती छान झालं असतं. पण बँकवाल्यांच्या बाजूचे दोघं-तिघं उठले. एक म्हणाला, ठरवून केलं हे. दुसरा मोठ्याने म्हणाला, "ये तो उनका ही आदमी है, मिला हुआ है." बँकवाले नाही म्हणाले नाहीत. ते परातीकडे बघत राहिले.

भावजींनी बादली खाली ठेवली. हात धुतले आणि बाहेर पायरीवर, जिथे सगळ्यांच्या चपला होत्या, तिथे जाऊन बसले. कोट अंगात तसाच. ज्या माणसाने शेजाऱ्याच्या झाडाचा पेरूही विचारल्याशिवाय तोडला नाही, त्याला शंभर लोकांत लबाड म्हटलं गेलं होतं. मला ह्यांचा राग आला, बँकवाल्यांचा आला, अमेरिकेचाही आला.

जेवणं कशीबशी उरकली. मतदानाआधी दोन्ही उमेदवारांना बोलायला वेळ असतो. बँकवाले बोलले. हिशेब बोलले, छपराची दुरुस्ती बोलले, पायरीवरच्या माणसाबद्दल एक शब्द नाही. मग हे उठले. खिशात भाषणाचा कागद होता, मला माहीत होता, कारण आरशासमोर त्याचा सराव चालायचा. त्यांनी तो काढला नाही.

"तो माझ्या बाजूचा नाही," हे म्हणाले. "त्याला कोणी शिकवून पाठवलं नाही. त्याचे पाय वळले, कारण इतकी वर्षं तो माझ्या मागे वरण घेऊन चालून राहिला. आणि मी त्याला एकदाही नाही विचारलं, माझ्यासोबत उभा राहशील काय म्हणून. मला वाटलं, त्याला काय विचारायचं. यांनी विचारलं. विचारणाऱ्यासोबत माणूस गेला, यात त्याचं काय चुकलं? चुकलं ते माझं."

आणि ते खाली बसले. छपराबद्दल काही नाही, नव्या कॉलन्यांबद्दल काही नाही. सर त्यांच्या शेजारी आपल्या इस्त्रीच्या बाहीवरचा वरणाचा डाग बघत बसले होते. दाराशी बसलेल्या बायका वळून पायरीकडे बघायला लागल्या. भावजींची पाठ आमच्याकडे होती. ती हलली नाही, पण त्यांनी खिशातून रुमाल काढलेला मी पाहिला.

मतं मोजली आणि हे पडले, चांगले सपाटून. आमच्या रांगेत बसून भावजींचं वरण खाल्लेल्या लोकांनीही समोरच्या जोडीला मतं दिली होती. बँकवाल्यांना वाटलं, त्यांचा हिशेब लोकांना आवडला. लोकांनी भावजींना दिलं होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सर जाताना ह्यांना म्हणाले, "सर, आपने तो खुद ही हरा दिया." हे म्हणाले, हो. मला त्या क्षणी ह्यांचा इतका अभिमान वाटला की विचारू नका. मी तसं बोलून मात्र दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पुढच्या वेळी पुन्हा उभे राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला, माझ्यासकट तिघांचा. हे व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. दुधवाला येऊन गेला. चहा उकळून उकळून काळा पडायला लागला, मी गॅस बंद केला. मग फाटकाची कडी वाजली.

भावजी आत आले. कोट नव्हता, नेहमीचा हाफ स्वेटर. हातात खोव्याच्या जिलब्यांचा पुडा, निवडून आल्याचं तोंड गोड करायला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि वेताच्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे टेकले, फाटकाशेजारी स्कूटर चालूच ठेवल्यासारखे. मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि सवयीने भावजींचा कप उचलून त्यांच्यापुढे ठेवायला वाकले, तर ह्यांनी हात आडवा केला. मी तशीच थांबले.

ह्यांनी घसा साफ केला. वर्तमानपत्राची घडी घातली, आतली पानं वेगळी काढली.

"चहा घेशील काय?" ह्यांनी विचारलं.

भावजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या घरात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच येत होता. ते खुर्चीत मागे सरकून नीट बसले आणि त्यांनी ती आतली पानं ओढून घेतली.

"तू विचारून राहिला," ते म्हणाले, "तर घेतो न."